कार्डाच्या मागची बाजू

मागच्या महिन्यात एका सहकारी शिक्षिकेच्या सुट्टीमुळे मला सातवीच्या वर्गावर ऑफ तास घ्यावा लागला. ऑफ तासाला मुलं पुस्तक उघडून बसतील ही अपेक्षा मी वीस वर्षांच्या नोकरीत केव्हाच सोडली आहे. वर्गात शिरलो तेव्हा मागच्या बाकावर पाच-सहा डोकी एकत्र झाली होती. मोबाइल असेल असं वाटलं. जवळ गेलो तर क्रिकेटच्या ट्रम्प कार्डांची जुनी गड्डी निघाली. कोपरे झिजलेले, दोन-तीन कार्डांना सेलोटेप लावलेली. एका मुलाला ती चाचूच्या पेटीत सापडली होती.

मी रागावलो नाही. उलट बाकावर बसलो आणि पाहू लागलो. खेळ तोच, माझ्या लहानपणीचा. दोघांच्या हातात सारखी कार्डं. वरचं कार्ड पाहून एकानं आकडा पुकारायचा, सामने, धावा, सर्वाधिक धावसंख्या, बळी, झेल यांपैकी कुठलाही. ज्याचा आकडा मोठा, दोन्ही कार्डं त्याची. खेळ संपल्यावर गड्डीच्या मालकानं चार कार्डं वेगळी काढून खिशात ठेवली. अझरुद्दीन, झहीर खान, मोहम्मद कैफ, इरफान पठाण. मी विचारलं, "ये अलग क्यूं?" तो सहज म्हणाला, "सर, ये अपने वाले हैं."

त्या दिवशी हुडकेश्वरला घरी परत येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. कारण त्याच्या वयाचा असताना मीही हेच केलं होतं. त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला त्या तासाला सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आमच्या लहानपणी बिग फन बबल गमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. गम दहा मिनिटांत बेचव व्हायचा, चित्र मात्र वर्षभर टिकायचं. माझ्याकडे वहीत चिकटवलेली बरीच चित्रं होती, पण अझरुद्दीनचं मी चिकटवलं नव्हतं. ते दप्तराच्या आतल्या कप्प्यात असायचं. १९८४-८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं करणारा तो फलंदाज. त्याची कॉलर वर असायची म्हणून आमच्या मोहल्ल्यात सगळ्या पोरांची कॉलर वर. त्यानं शतक केलं की दुसऱ्या दिवशी शाळेत मी जरा ताठ चालायचो. तो शून्यावर बाद झाला की वर्गातली मुलं माझ्याकडे पाहून हसायची, जणू मीच बाद झालो होतो.

मग २०००च्या डिसेंबरमध्ये सामनानिश्चितीच्या आरोपावरून क्रिकेट मंडळानं त्याच्यावर आजन्म बंदी घातली. तेव्हा मी विशीत होतो. चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र उघडं होतं आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. कुणी मला काही बोललं नव्हतं. तरी ती शरम माझ्या अंगावर आली. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली, पण तोवर त्याची कारकीर्द ९९ कसोटींवर कायमची थांबली होती. ९९ कसोटी, ६२१५ धावा, २२ शतकं. कार्डावर एवढंच आलं असतं. त्यात आनंदही नाही आणि शरमही नाही. ते दोन्ही मी माझ्या पदरचं घातलं होतं.

तेव्हापासून मला प्रश्न पडत आला आहे की कार्ड म्हणजे नेमकं काय? आणि त्या कार्डामागच्या माणसाच्या आयुष्याशी त्याचा किती संबंध असतो?

कार्डांचा इतिहास सिगारेटच्या पाकिटापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाकिटं मऊ कागदाची असत आणि आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून कंपन्या आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागल्या. मग त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट घेईल, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. अमेरिकेत १८८०च्या दशकात बेसबॉल खेळाडूंची चित्रं आली. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीनं १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. पुढे प्लेअर्स आणि इतर कंपन्याही त्यात उतरल्या. बाप सिगारेट ओढायचा आणि पोरगा कार्ड जमवायचा. दुसऱ्या महायुद्धात कागद कमी पडला आणि इंग्लंडमधली ही पद्धत बंद झाली. नंतर सिगारेटची जागा बबल गमनं घेतली.

म्हणजे कार्ड हे खेळाडूच्या सन्मानासाठी जन्मलं नाही. ते माल खपवायला जन्मलं. कुणाचं कार्ड छापायचं हे त्याच्या खेळाइतकंच, त्याचा चेहरा पाहून कोण पाकीट विकत घेईल यावर ठरायचं.

त्या काळातल्या दोन हिंदुस्थानी खेळाडूंची तुलना करून पाहू.

पहिले रणजितसिंहजी. काठियावाडातल्या राजघराण्यातले, केंब्रिजला शिकलेले, ससेक्सकडून खेळणारे. १८९६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत नाबाद १५४. एका मोसमात ३००० धावांचा टप्पा ओलांडणारे पहिले फलंदाज, साल १८९९. १५ कसोटी, ९८९ धावा. इंग्लंडमध्ये निघालेल्या क्रिकेट कार्डांच्या अनेक संचांत ते आहेत, आणि आजही जुनी कार्डं जमवणारे त्यांचं कार्ड शोधत असतात. पण ते हिंदुस्थानच्या संघाकडून कधी खेळले नाहीत. त्यांच्या पंधराही कसोटी इंग्लंडसाठी होत्या.

दुसरे पाळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाड. घराणं कोकणातलं, जात चांभार, वडील फौजेत नोकरीला. पुण्यात पोरवयातच गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टीची देखभाल करायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची हे काम. महिना चार रुपये. सरावात साहेब त्यांची गोलंदाजी तासन् तास खेळत, पण फलंदाजी मात्र त्यांना कुणी करू देत नसे. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबनं त्यांना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी होते, हिंदू होते, अलीगढचे मुसलमान होते, कप्तान शीख होते. संघानं बरेच सामने हरले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. रामचंद्र गुहा यांनी आपल्या पुस्तकात बाळूंची ही हकीकत सविस्तर मांडली नसती, तर माझ्यासारख्या बीएड झालेल्या, इतिहास आवडीनं वाचणाऱ्या माणसालाही त्यांचं नाव कळलं नसतं.

इंग्लंडमधल्या सिगारेटच्या पाकिटांतून रणजी घरोघरी पोचले. बाळू तसे पोचले नाहीत. चार रुपयांच्या नोकरीतून उठलेल्या चांभाराच्या पोराच्या नावावर सिगारेट खपेल, असं कुणाला वाटलं नाही. त्यांच्या समाजानं सत्कार केला, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं. म्हणून "अपने वाले" म्हणणाऱ्या त्या पोराला मी हसू शकत नाही. ज्याचं कार्ड जग छापत नाही, त्याचं कार्ड त्याच्याच लोकांना आधी छापावं लागतं.

पण बाळूंची गोष्ट तिथे संपत नाही. १९३७च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि समोर होते खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाळू हरले. आपल्या माणसांतही दोन मतं असतात. एकाच समाजातली दोन मोठी माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहू शकतात. खिशातल्या वेगळ्या गड्डीत हे बसत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेतही दिसते. बेसबॉल आपल्याकडे कुणी फारसं पाहत नाही, पण जुन्या कार्डांचा सगळ्यात मोठा बाजार त्याच खेळाचा आहे. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा फार मोठा खेळाडू, आठ वेळा फलंदाजीत अव्वल. १९०९ ते १९११ या काळात एका तंबाखू कंपनीनं त्याचं कार्ड काढलं आणि त्यानं ते छापायला हरकत घेतली. कुणी म्हणतं, पोरांनी तंबाखूच्या मागे लागू नये म्हणून. कुणी म्हणतं, पैसे मिळाले नाहीत म्हणून. छपाई थांबली आणि जेमतेम साठेक कार्डं उरली. २०२२ मध्ये त्यातलं एक साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं. त्याच महिन्यात मिकी मँटल या दुसऱ्या खेळाडूचं १९५२ सालचं बबल गमवालं कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेलं. त्या संचाचा न खपलेला साठा कंपनीनं पुढे समुद्रात फेकून दिला होता, म्हणून उरलेल्यांना ही किंमत. वॅग्नर आणि मँटल दोघंही थोर, यात वाद नाही. पण त्यांच्यापेक्षा जास्त धावा किंवा जास्त हिट करणाऱ्यांची कार्डं काही हजार डॉलरना मिळतात. किंमत कागदाच्या टंचाईची असते.

आणि जॉश गिब्सनचं काय? तो कृष्णवर्णीय होता. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये त्याला प्रवेश नव्हता, म्हणून तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये आयुष्यभर खेळला. अमेरिकेतल्या गमच्या आणि सिगारेटच्या कंपन्यांनी त्या लीगच्या खेळाडूंची दखल घेतली नाही. जानेवारी १९४७ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सननं मोठ्या लीगचं दार उघडलं. मे २०२४ मध्ये त्या वेगळ्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले आणि फलंदाजीच्या सरासरीत आजवरच्या सगळ्यांत वर गिब्सनचं नाव आलं. म्हणजे शंभर वर्षं जो आकडा सगळ्यात मोठा म्हणून पुकारला जात होता, तो सगळ्यात मोठा नव्हताच. गड्डीतून एक कार्ड आधीच काढून ठेवलं होतं.

आता नागपूरकडे येऊ.

कर्नल सी. के. नायडू आपल्या नागपूरचे. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५. शिक्षण इथलंच, हिस्लॉपचं. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार. इंग्लंडच्या पाहुण्यांना त्या खेळीनंतर हिंदुस्थानी क्रिकेटकडे नव्यानं पाहावं लागलं. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तेव्हा कप्तान नायडू होते. त्या संघात वझीर अली आणि नझीर अली हे भाऊ होते, जहांगीर खान होते, आणि पहिल्या डावात पाच बळी घेणारे मोहम्मद निसार होते.

पण ट्रम्प कार्डाच्या खेळात नायडूंचं कार्ड वर आलं तर? ७ कसोटी, ३५० धावा, सर्वाधिक ८१. ते कार्ड हातात आलेलं पोरगं तोंड वाकडं करील. आजच्या कुठल्याही साध्या फलंदाजासमोर ते हरेल. सात कसोटी, कारण पहिल्या कसोटीच्या वेळी त्यांचं वय ३६ होतं आणि त्या काळी क्वचितच एखादी मालिका व्हायची. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या जवळपास बारा हजार धावा आणि साठी ओलांडल्यावरही रणजी सामन्यात उतरणं हे त्या कार्डावर कुठे लिहिणार?

आणखी एक गोष्ट कार्डावर येत नाही. त्या काळातला सगळ्यात गर्दीचा क्रिकेट मुंबईत व्हायचा आणि तिथे संघ धर्माचे असत. युरोपियन, पारशी, हिंदू, १९१२ पासून मुसलमान आणि १९३७ पासून 'उरलेले', ज्यात ख्रिस्ती वगैरे. नायडू हिंदूंकडून खेळत, वझीर अली मुसलमानांकडून. बाळू हिंदूंकडून खेळले, पण हिंदूंनी त्यांना कधी कप्तान केलं नाही. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले, तेही बऱ्याच तक्रारींनंतर. १९४०च्या डिसेंबरमध्ये गांधीजींनी या धर्मवार संघांबद्दल जाहीर नापसंती कळवली. तरी स्पर्धा १९४५-४६ पर्यंत चालली.

१९४४-४५ चा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंविरुद्ध एका गड्यानं जिंकला. के. सी. इब्राहिम नावाचा मुंबईचा सलामीचा फलंदाज शेवटपर्यंत नाबाद राहिला, १३७ धावांवर. हाच इब्राहिम १९४७-४८ मध्ये लागोपाठ चार डावांत नाबाद राहिला आणि पाचव्यात बाद होईपर्यंत त्याच्या ७०९ धावा झाल्या होत्या. देशाची फाळणी झालेलं साल, आणि हा माणूस मुंबईत बसून धावा करत होता. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तो भारताकडून चार कसोटी खेळला, मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. मग १९५० च्या सुमारास कराचीला गेला. कार्डावर लिहायचं झालं तर ४ कसोटी, १६९ धावा. तो 'मुसलमानांचा' खेळाडू, 'मुंबईचा' की 'भारताचा'? एकाच माणसानं पाच-सात वर्षांत तिन्ही टोप्या घातल्या होत्या.

धर्मवार क्रिकेटला पर्याय म्हणून जी स्पर्धा उभी राहिली, ती प्रांतवार होती. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेला नाव दिलं रणजींचं. ज्यांचं कार्ड होतं आणि जे हिंदुस्थानकडून कधी खेळले नाहीत, त्या रणजींच्या नावाच्या करंडकासाठी पुढे गावोगावची पोरं एकत्र खेळू लागली. इथे कुणी जमातीचा नव्हता. मुंबईचा, महाराष्ट्राचा, बडोद्याचा, होळकरांचा. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून उतरला. नायडू तोवर कधीच इंदूरला होळकरांकडे गेले होते आणि त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघानं चार वेळा हा करंडक जिंकला होता. नागपूरच्या माणसानं करंडक उचलला, पण इंदूरसाठी.

प्रांतवार क्रिकेटमध्ये मराठी मुसलमान कुठे होते, हे मी मुलांना शोधायला सांगतो तेव्हा ती गुलाम परकार या नावाशी येऊन थांबतात. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा हा कोकणी मुसलमान मुंबईचा सलामीवीर झाला. १९८१-८२ मध्ये बंगालविरुद्ध सुनील गावस्कर आणि परकार यांनी पहिल्या गड्यासाठी ४२१ धावा जोडल्या. गावस्करांनी त्या डावात ३४० केल्या, हे अनेकांना पाठ असतं. दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं, हे विचारल्यावर शांतता. परकारचं क्षेत्ररक्षण पाहायला लोक जात. १९८२ मध्ये लॉर्ड्सवर त्याला एकुलती एक कसोटी मिळाली. ६ आणि १. कार्ड निघालं असतं तर त्यावर लिहिलं असतं, धावा ७. एवढ्या लहान आकड्याचं कार्ड कोण छापेल? पण ज्या माणसाला मुंबईच्या संघात गावस्करबरोबर सलामीला उतरता येत होतं, त्याची कारकीर्द सात धावांची कशी असेल?

वसीम जाफरचं कार्ड जरा बरं दिसेल. ३१ कसोटी, १९४४ धावा, पाच शतकं, त्यात दोन द्विशतकं. बेस्टच्या बसचालकाचा हा मुलगा मुंबईकडून दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात नाबाद ३१४ करून आला होता. भारतीय संघातली जागा २००८ मध्ये गेली ती परत मिळाली नाही. कार्डाच्या हिशेबानं कारकीर्द संपली. प्रत्यक्षात त्यानंतर तो बारा वर्षं खेळला. २०१५ मध्ये तो आपल्या विदर्भात आला. रणजी करंडकात त्याच्या १२ हजारांवर धावा झाल्या, इतक्या दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या. वयाच्या चाळिशीत, २०१८-१९ मध्ये, त्यानं एका मोसमात हजारावर धावा केल्या.

आणि मग फैज फजल. नागपूरचा, १९८५ चा जन्म. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर वाढलेला डावखुरा सलामीवीर. २००३ मध्ये विदर्भाकडून प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात १५१. तेव्हा विदर्भाच्या सामन्याची बातमी नागपूरच्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची असायची. मधे दोन-तीन मोसम रेल्वेकडून खेळला, राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलचे काही सामने खेळला, परत विदर्भात आला. मार्च २०१६ मध्ये इराणी करंडकात मुंबईविरुद्ध ४८० धावांचा पाठलाग करताना त्यानं १२७ केल्या आणि शेष भारत जिंकला. त्याच वर्षी १५ जूनला, तिसाव्या वर्षी, हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध तो भारताकडून एकदिवसीय सामना खेळला. १२४ धावा हव्या होत्या. राहुल नाबाद ६३, फैज नाबाद ५५. दहा गड्यांनी विजय. त्यानंतर त्याला भारताची टोपी पुन्हा मिळाली नाही.

इतर कुणी कदाचित बॅट ठेवून दिली असती. फैज परत येऊन विदर्भाचा कप्तान झाला. २०१७-१८ मध्ये त्यानं पाच शतकांसह ९१२ धावा केल्या. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, संघात जाफर, उमेश यादव, अक्षय वाडकर, रजनीश गुरबानी. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं. अंतिम सामना दिल्लीशी, मैदान इंदूरचं होळकर स्टेडियम. गुरबानीची हॅटट्रिक, वाडकरचं शतक. आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. स्पर्धेत उतरल्यापासून साठ वर्षांनी. नायडू ज्या इंदूरला गेले होते, तिथूनच एक नागपूरकर करंडक घेऊन घरी आला. पुढच्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला हरवून पुन्हा.

ती १ जानेवारी मला आठवते. आमच्या हुडकेश्वर रोडवर एका मोबाइल दुकानाच्या टीव्हीसमोर आम्ही दहा-पंधरा जण उभे होतो. दूधवाला, ऑटोवाले, शेजारचे निवृत्त तलाठी काका, मी. जाफरनं विजयी चौकार मारला तेव्हा काकांनी माझी पाठ थोपटली. "जिंकलो रे मास्तर!" 'जिंकलो' म्हणाले. अझरच्या शतकानंतर दप्तरातलं चित्र काढून पाहणारा मी आणि त्या दिवशी रस्त्यावर उभा असलेला मी, यांत फरक होता. त्या दिवशी फैजसाठी माझी मान वर होती हे खरं, खोटं कशाला बोलू? पण ती मान माझ्या एकट्याची वर नव्हती. आणि तो शून्यावर बाद झाला असता तर काकांनाही माझ्याइतकंच वाईट वाटलं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फैज सिव्हिल लाइन्सच्याच मैदानावर शेवटचा सामना खेळून निवृत्त झाला. जिथे सुरू केलं होतं तिथेच. प्रथम श्रेणीच्या नऊ हजारांवर धावा, दोन रणजी करंडक, भारताकडून एक सामना.

मागच्या आठवड्यात मी त्या सातवीच्या वर्गाला कोरी कार्डं दिली. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. सांगितलं, ज्यांचं कार्ड निघालं नाही किंवा निघालं तरी कमी आकड्याचं निघेल, अशा एकाचं कार्ड करायचं. पुढे चित्र, मागे आकडे, आणि आकड्यांखाली चार ओळी, आकड्यात न बसलेल्या गोष्टीच्या. मराठीत किंवा उर्दूत, चालेल तसं. दोन दिवसांनी तीस-पस्तीस कार्डं आली. बाळू आले, नायडू आले, गिब्सन आला. उमेश यादव आला, त्याखाली कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांबद्दल दोन ओळी. एका मुलीनं आपल्या मोहल्ल्यातल्या कबड्डी खेळणाऱ्या आपाचं कार्ड केलं. सामने किती ते तिला माहीत नव्हतं, तर तिनं "बहोत" लिहिलं.

चार कार्डं खिशात ठेवणारा तो मुलगा शेवटी आला. त्यानं फैजचं कार्ड केलं होतं. सामने १. धावा ५५. सर्वाधिक ५५, नाबाद. सरासरीची जागा रिकामी होती. "सर, ॲव्हरेज क्या लिखूं? भागाकार बनता ही नहीं."

मी फळ्यावर गणित करून दाखवलं. सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला. फैज भारताकडून खेळताना कधी बादच झाला नाही. शून्यानं भागता येत नाही. म्हणून नोंदीच्या पुस्तकात तिथे नुसती एक आडवी रेघ असते.

त्यानं पट्टी घेऊन रेघ ओढली. मग कार्ड उलटं करून विचारलं, याखाली चार ओळी पुरणार नाहीत, आणखी एक कागद जोडला तर चालेल का?

चालेल म्हटलं.